विश्लेषण : रेडिओ केंद्रातल्या ‘इशारा पेटी’वर विश्वास कोण ठेवते आणि का?

अमेरिकेतल्या मोंटाना राज्यातील ग्रेट फॉल्स शहरात ११ फेब्रुवारी २०१३ रोजी दुपारी टीव्हीवरचा कार्यक्रम अचानक तुटला. कर्कश आवाज झाला आणि गंभीर सुरात घोषणा आली, की मृतदेह थडग्यांतून उठून जिवंत माणसांवर हल्ले करत आहेत. मिशिगनमधल्या काही वाहिन्यांवरही असाच प्रकार घडला. हल्लेखोरांना फार कष्ट पडले नव्हते. केंद्रातल्या आपत्कालीन इशारा देणाऱ्या यंत्राचा, कारखान्यातून आलेला मूळ पासवर्ड कोणी बदललाच नव्हता आणि यंत्र थेट इंटरनेटला जोडलेले होते. रेडिओ असो वा टीव्ही, अमेरिकेत प्रत्येक केंद्रात हे यंत्र लागतेच.

ही पेटी नेमके काय करते?

दिसायला ती घरातल्या सेट-टॉप बॉक्सच्या मोठ्या भावासारखी. तंत्रज्ञ तिला एनकोडर-डीकोडर म्हणतात. ती स्टुडिओ आणि ट्रान्समीटर यांच्या मधोमध बसते. एका बाजूने ती किमान दोन ठरवून दिलेली केंद्रे चोवीस तास ऐकत असते, बहुतेक ठिकाणी हवामान खात्याचा रेडिओही. तिथून आपल्या भागाचा इशारा आला, की ती चालू गाणे वा जाहिरात तोडते आणि इशारा पुढे ढकलते. मग तिला ऐकणारी पुढची केंद्रे तेच करतात. चक्रीवादळासारख्या इशाऱ्यांना कोणाच्या बोटाची गरज लागू नये, असे यंत्र लावून ठेवता येते. राष्ट्राध्यक्षांचा संदेश आला तर तो प्रसारित करावाच लागतो. तसा खरा संदेश आजवर एकदाही निघालेला नाही. देशव्यापी चाचण्या मात्र २०११ पासून अनेकदा झाल्या.

या साखळीच्या मुळाशी ७७ मोठी रेडिओ केंद्रे आहेत. जनरेटर आणि इंधनाच्या साठ्यासह ती सज्ज ठेवली जातात आणि देशातल्या सुमारे ९० टक्के लोकसंख्येपर्यंत त्यांचा आवाज पोहोचतो.

तो खरखराट कशासाठी?

जुन्या डायल-अप इंटरनेटचा आवाज आठवतो? इशाऱ्याआधीची खरखर त्याच जातीची. दोन वेगवेगळ्या स्वरांत शून्य आणि एक पाठवले जातात, सेकंदाला ५२० च्या आसपास बिट, म्हणजे आजच्या हिशोबाने गोगलगायच. त्यात सहा गोष्टी असतात : इशारा कोणत्या प्रकारच्या यंत्रणेचा, संकट कोणते, परिसर कोणता, किती वेळासाठी, कधी निघाला आणि कोणत्या केंद्राने पाठवला. हाच मजकूर तीनदा वाजतो, म्हणजे एखाद्या वेळी विजेच्या कडकडाटात काही अक्षरे गेली तरी उरलेल्या दोन प्रतींवरून खात्री होते. त्यानंतर ८५३ आणि ९६० हर्ट्झचे दोन सूर एकाच वेळी वाजतात. ते माणसाला दचकवण्यासाठी. यंत्राला त्या खरखरीतच सगळे कळलेले असते. मग दोन मिनिटांपर्यंतचा बोलका संदेश आणि शेवटी ‘संपले’ सांगणारी छोटी खरखर.

मोडक्या लाइनवरही चालणारी, स्वस्त आणि टिकाऊ अशी ही रचना आहे. पण तिच्यात सही नाही. पाठवणाऱ्याचे नाव म्हणजे आठ अक्षरे, ती कोणीही लिहू शकतो. पेटी आवाज ओळखते, माणूस ओळखत नाही.

याचा फटका कधी बसला?

ऑक्टोबर २०१४ मध्ये अमेरिकेतल्या एका लोकप्रिय रेडिओ कार्यक्रमात निवेदकाने गंमत म्हणून २०११ च्या देशव्यापी चाचणीचे ध्वनिमुद्रण वाजवले. तो कार्यक्रम ७० हून अधिक केंद्रांवर जात होता. काही पेट्यांनी तारीख न तपासता तो संदेश खरा मानला आणि पुढे ढकलला. कित्येक घरांत टीव्हीचे पडदे इशाऱ्याने अडले. दूरसंचार नियामकाने, म्हणजे एफसीसीने, आयहार्ट कंपनीकडून १० लाख डॉलर वसूल केले. तेव्हापासून जाहिरातीत वा चित्रपटाच्या ट्रेलरमध्येही हे सूर वापरण्याआधी वाहिन्या दहादा विचार करतात.

मग मधे माणूसच का ठेवत नाहीत?

पूर्वी होता. २० फेब्रुवारी १९७१ च्या सकाळी नेहमीच्या चाचणीऐवजी चुकून खऱ्या आणीबाणीची टेप टेलिप्रिंटर यंत्रणेत गेली. सांकेतिक शब्दही बरोबर होता. नियमाप्रमाणे देशभरच्या केंद्रांनी कार्यक्रम थांबवायला हवे होते. बहुतेकांनी थांबवले नाहीत. हा नेहमीच्या चाचणीचा वेळ, काहीतरी घोळ असणार, असा संशय तिथल्या माणसांना आला. चूक दुरुस्त व्हायला सुमारे ४० मिनिटे लागली. त्या दिवशी लोक वाचले, पण खरा हल्ला असता तर याच संशयाने घात केला असता.

उलटे उदाहरण नॉर्थ डकोटातल्या मायनॉट शहराचे. १८ जानेवारी २००२ रोजी मध्यरात्रीनंतर मालगाडी घसरली आणि अमोनियाचा ढग वस्तीवर आला. एकाचा मृत्यू झाला, शेकडो जखमी झाले. शहरातल्या रेडिओ केंद्रांवर संगणक गाणी लावत होता. पोलिसांचे म्हणणे, फोन कोणी उचलला नाही. कंपनीचे म्हणणे, पोलिसांनी इशारा यंत्रणा नीट बसवलीच नव्हती. माणूसही नाही आणि पेटीही गप्प, असे दोन्हीकडून झाले.

आता काय बदलले?

२०१२ पासून प्रत्येक पेटीला इंटरनेटवरूनही इशारे घ्यावे लागतात. हे संदेश ‘कॅप’ नावाच्या साच्यात येतात आणि त्यांवर डिजिटल सही असते. डिसेंबर २०२३ पासून नियम असा, की रेडिओवरून इशारा ऐकू आला तरी पेटीने आधी इंटरनेटवर त्याची सही असलेली प्रत शोधावी. ती नसेल तर मात्र जुनी खरखरच चालते. इंटरनेट बंद पडले तरी इशारा थांबू नये, म्हणून ही वाट मुद्दाम उघडी ठेवली आहे. बनावट इशाऱ्यालाही तीच वाट सापडते.

नोव्हेंबर २०२५ मध्ये हल्लेखोरांनी आणखी सोपा रस्ता धरला. पेटीला हातच लावला नाही. स्टुडिओतून ट्रान्समीटरपर्यंत आवाज नेणारे उपकरण असुरक्षित होते, त्यात शिरून त्यांनी इशाऱ्याचे सूर आणि शिवीगाळ प्रसारित केली. एफसीसीने केंद्रांना पुन्हा सांगितले : पासवर्ड बदला, उपकरणे फायरवॉलमागे ठेवा. २०१३ मध्येही नेमके हेच सांगितले होते.

आपल्याकडे याचा संबंध काय?

२०२३ मध्ये खिशातला फोन अचानक ओरडला होता, ती चाचणी आठवत असेल. त्यामागची ‘सचेत’ यंत्रणा सी-डॉटने बांधली असून तीही ‘कॅप’ साच्यावरच चालते. आपला भर मोबाइलवर आहे. पण जून २०२० मध्ये निसर्ग वादळानंतर रायगडच्या किनारपट्टीवर वीज आणि मोबाइल नेटवर्क बरेच दिवस गायब होते. सप्टेंबर २०२४ मध्ये हेलेन वादळाने नॉर्थ कॅरोलायनाच्या डोंगराळ भागात तेच केले. तेव्हा अ‍ॅशव्हिलमधले लोक पाणी कुठे मिळेल, रस्ता कुठला खुला आहे, हे गाडीतल्या रेडिओवर ऐकत होते.