टायटल्स बघा आणि धंदा शिका: सिनेमाच्या सुरुवातीतले ३ धडे



धंद्याचा पहिला व्हिडिओ बनवताना बहुतेक जण एकच क्रम धरतात. आधी गोल फिरणारा लोगो, मग "आमच्या दुकानात आपलं सहर्ष स्वागत", मग स्थापना कधी झाली, मग मालकांचा फोटो. माल दिसेपर्यंत बघणाऱ्याचं बोट पुढच्या व्हिडिओवर गेलेलं असतं. खर्च तुमचा, गिऱ्हाईक दुसऱ्याचं!

सिनेमावाल्यांना हा प्रश्न आपल्या कितीतरी आधी पडला होता. त्यांनी तो कसा सोडवला ते बघू.

धडा १: आधी वचन, मग माहिती

पूर्वी हॉलिवूडच्या सिनेमात टायटल्स म्हणजे बहुतेक वेळा नुसती नावांची यादी. कितीतरी थिएटरांत पडदा सरकायच्या आधी, त्या कापडावरच ती उरकून टाकायचे. १९५५ मध्ये ओटो प्रेमिंजरचा 'द मॅन विथ द गोल्डन आर्म' आला. नायक हेरॉइनच्या व्यसनात अडकलेला. डिझायनर सॉल बासने टायटल्समध्ये ना हिरोचा चेहरा दाखवला, ना गोष्ट सांगितली. काळ्या पडद्यावर सरकणाऱ्या पांढऱ्या पट्ट्या, जॅझ संगीत, आणि शेवटी त्यातून तयार झालेला एक वेडावाकडा हात. बस्स. पुढे काहीतरी अस्वस्थ करणारं येतंय, हे प्रेक्षकाला कळलं. प्रोजेक्टर चालवणाऱ्यांना तर सूचनाच होती, की टायटल्सच्या आधी पडदा उघडा!

धडा २: जागा आणि चव दाखवा, सगळा माल नको

'शोले' (१९७५) आठवा. स्टेशनवर गाडी येते, एक अधिकारी उतरतो, रामलाल त्याला घ्यायला आलेला असतो. दोघं घोड्यांवरून निघतात आणि आर. डी. बर्मनच्या संगीतावर टायटल्स सुरू होतात. खडकाळ डोंगर, मोकळं माळरान, मग गाव. ना जय-वीरू दिसतात, ना गब्बर. गब्बर तर बराच उशिरा येतो. पण हा सिनेमा मोठा आहे, रांगडा आहे, हे तेवढ्यात पटतं. आणि थोड्याच वेळात मालगाडीवरची जबरदस्त मारामारी येते. म्हणजे वचन दिलं आणि लगेच पाळायला सुरुवात केली.

धडा ३: बजेट नाही, ओळख लागते

'डॉ. नो' (१९६२) या पहिल्या बाँडपटाची सुरुवात मॉरिस बाइंडरने केली. बंदुकीच्या नळीतून दिसणारा माणूस वळून आपल्यावरच गोळी झाडतो. ही कल्पना मांडताना बाइंडर घाईत होता. हाताशी किमतीचे छोटे पांढरे स्टिकर होते, तेच त्याने गोळ्यांच्या खुणा म्हणून वापरले, असं त्याने नंतर सांगितलं. आपण डब्यांवर लावतो तसलेच स्टिकर! ती नळी बाँडपटांची ओळखच होऊन गेली.

आता आपल्या धंद्यात

समजा, तुम्ही थालीपीठाची भाजणी विकता. पहिले ५ सेकंद कढईत धान्य भाजल्याचा आवाज आणि वाफ. पुढचे ५ सेकंद तव्यावरचं थालीपीठ आणि त्यावर विरघळणारा लोण्याचा गोळा. मग तुमचं नाव, किंमत आणि फोन नंबर. आजीची परंपरा वगैरे त्यानंतर सांगा, तोवर ऐकणारा थांबलेला असेल. पुढच्या प्रत्येक व्हिडिओची सुरुवात त्याच कढईच्या आवाजाने करा. ती तुमची बंदुकीची नळी!

एक मात्र सांभाळा. व्हिडिओत साजूक तूप आणि डब्यात वनस्पती तूप, असं झालं तर गिऱ्हाईक एकदा येईल, परत फिरकणार नाही. सुरुवात जितकी भारी, तितकी मालाची जबाबदारी जास्त.

आजचा गृहपाठ: तुमच्या व्हिडिओचे पहिले १० सेकंद आवाज बंद करून ओळखीच्या नसलेल्या ३ जणांना दाखवा. प्रत्येकाला विचारा: मी काय विकतो? कोणासाठी? स्वस्त वाटतं की भारी? तिघांचं उत्तर तुमच्या उत्तराशी जुळलं, तर व्हिडिओ टाका. नाही जुळलं, तर जाहिरातीवर एक रुपयाही घालू नका. आधी सुरुवात बदला.