भेंडी थांबत नाही, कथा थांबते

आजचा विषय जरा घरचा आहे. दिवसा कोड लिहायचा, उरलेल्या वेळात कथा लिहायची, आणि नेमक्या वसंतातच परसबाग पाणी मागते. हे तिन्ही यवतमाळात राहून जमवायचं कसं?

आधी एक गोष्ट समजून घ्या. मराठी कथा लिहिणाऱ्याचं वर्ष दिवाळी अंकावर फिरतं. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ मध्ये 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासूनची ही सवय. अंक दिवाळीत हातात यायचा, तर कथा पावसाळ्यातच संपादकाकडे पोचायला हवी. म्हणजे पहिला खर्डा कधी? फेब्रुवारी ते एप्रिल. आणि उन्हाळी भेंडी, गवार, काकडी लावायची कधी? तेव्हाच! बाहेर पळस पेटलेला असतो आणि दोन्ही कामं एकदम अंगावर येतात.

मागच्या मार्चमध्ये मी कथेच्या बाजूने गेलो. रात्री दोनपर्यंत लिहायचो, सकाळी उठायचो ते थेट मीटिंगलाच. आमच्याकडे नळ रोज येत नाही. पाण्याच्या दोन पाळ्या झोपेत गेल्या आणि काकडीचा अख्खा वेल वाळला. आई एवढंच म्हणाली, "काऊन रे, तुह्या गोष्टीतल्या झाडाले पानी देतं अन् दारातल्याले कोन देईन?"

लागलं ते. कारण इथे पाण्याची गोष्ट साधी नाही. २०१८ च्या उन्हाळ्यात निळोणा आणि चापडोह धरणांनी तळ गाठला होता, तेव्हा टँकरमागे धावलेलं घर आहे आमचं. त्या घरात पाणी आलेलं असताना झाड मरू देणं म्हणजे... असो.

तर या वर्षी वेळापत्रक पाण्यावरून ठरवलं. नळाच्या दिवशी लिखाण नाही. त्या दिवशी टाकी, ड्रम, वाफे. कोरड्या दिवशी पहाटे पाच ते साडेसहा फक्त कथा. ऊन चढलं की बागेत तसंही काही करता येत नाही.

दुसरं म्हणजे मडकं. बिनरंगाचं मातीचं मडकं गळ्यापर्यंत जमिनीत पुरायचं, वीतभर अंतरावर बी लावायचं, मडकं भरून वर झाकणी ठेवायची, नाहीतर डास होतात. मडक्याला बारीक छिद्रं असतात. भोवतीची माती सुकली की ती पाणी ओढून घेते. ओली असली की पाझर मंदावतो. सेन्सर नाही, ॲप नाही! रंगवलेलं मडकं मात्र घेऊ नका, रंगाने छिद्रं बुजतात. आणि वरून सोयाबीनचं कुटार पसरायचं. आपली काळी माती उन्हात भेगाळते, कुटाराखाली ती ओल धरून राहते.

हे करताना मला ना. धों. महानोर आठवतात. आपण त्यांना कवी आणि गीतकार म्हणून ओळखतो, पण 'गांधारी' ही कादंबरीही त्यांचीच. जळगावचं कॉलेज अर्ध्यावर सोडून ते अजिंठ्याजवळच्या पळसखेडला शेती करायला परतले आणि लिहीत राहिले. माझी चार वाफ्यांची बाग त्यांच्या शेतीशेजारी ठेवणं हास्यास्पद आहे, कळतं मला. पण शेती करणाऱ्याला वेळ मिळाला म्हणून लिहिता येतं, असं नसणार. त्याला कामाच्या मधल्या फटीत वाक्यं डोक्यात धरून ठेवावी लागत असणार. वाफ्याला पाणी देताना मी फोनवर व्हॉइस नोट करतो. मागे नळाचा आवाज येतो, तेवढं चालतं.

एक फरक मात्र पक्का लक्षात आलाय. कथा सेव्ह करून महिनाभर ठेवता येते, उलट थोडी मुरते. भेंडी दीड-दोन महिन्यांत लागायला लागली की एक दिवसाआड तोडावीच लागते, नाहीतर निबर होते. म्हणून दोन्हींत ओढाताण झाली तर मी आता भेंडीच्या बाजूने जातो.

सध्या कथेची सात पानं झालीत, शेवट सापडलेला नाही. काकडीला पहिली फुलं आलीत. आणि आईचा आवाज येतोय, नळ आलाय. थांबतो इथेच, पुढच्या एपिसोडमध्ये भेटू.