यादीत नसलेले सिल्वासा

मंडळाची वार्षिक सहल म्हटली, की छापील कार्यक्रमपत्रिका आलीच. यंदा दिवाळीच्या सुट्टीत आम्ही बडोद्याची चाळीस माणसे दादरा व नगर हवेलीस निघालो, तेव्हाही प्रत्येकाच्या हाती ती होती. दादऱ्याचे वनगंगा उद्यान, वासोण्याचे सिंह-अभयारण्य, खानवेलजवळचे हरणांचे उपवन, दुधनीचा नौकाविहार आणि मधूनमधून चहा-फराळ. सिल्वासाचे नाव काढताच शेजारीपाजारी मिश्किल हसले. दारूबंदीच्या गुजरातेतून तिकडे लोक कशासाठी जातात, हे आम्हांस ठाऊक नव्हते असे नाही! आम्ही मात्र निसर्गशोभा पाहण्यास निघालो होतो. ती पाहिलीही, परंतु परतल्यावर मनात जे उरले, त्यातले फारच थोडे त्या पत्रिकेत होते. म्हणून हा लेखनप्रपंच.

वापीस गाडीतून उतरून आम्ही ठरवलेल्या बसमध्ये बसलो. तेथून सिल्वासा जेमतेम सतरा-अठरा किलोमीटर. दादऱ्याच्या तळ्याकाठी सारे रमले असता, आमच्यातले ऐंशी ओलांडलेले आजोबा बसमधून उतरेचनात. "बागा बडोद्यात काय थोड्या आहेत? १९५४ साली पोरांनी जे गाव सोडवले, ते मला नातवाला दाखवायचे आहे," ते म्हणाले. कोणी कोणते गाव सोडवले, हे बसमधल्या तरुण मंडळींपैकी एकालाही सांगता येईना. वडीलधारे आम्हीही एकमेकांची तोंडे पाहू लागलो, हे कबूल केलेच पाहिजे.

मग पुढचा सारा रस्ता आजोबाच बोलत होते. हा मुलूख मुळात मराठ्यांचाच. पोर्तुगिजांच्या सांताना नावाच्या जहाजाचे मराठी आरमाराकडून जे नुकसान झाले, त्याच्या भरपाईपोटी पेशव्यांनी १७७९ च्या तहाने नगर हवेलीतील गावांचा वसूल त्यांना लावून दिला. १७८३ मध्ये नगर हवेली त्यांच्या ताब्यात गेली आणि दोन वर्षांनी दादराही. पेशवाई बुडाली, इंग्रज आले नि गेले, तरी पोर्तुगीज तेथेच. अखेर जुलै १९५४ मध्ये युनायटेड फ्रंट ऑफ गोअन्सच्या स्वयंसेवकांनी दादरा घेतले, आझाद गोमंतक दलाने नरोली घेतली आणि २ ऑगस्टला, भर पावसाळ्यात, सिल्वासावर तिरंगा चढला. त्या तुकडीत राजा वाकणकर होते, तरुण बाबासाहेब पुरंदरे होते आणि संगीतकार सुधीर फडकेही होते. पोर्तुगीज अधिकारी फिदाल्गो खानवेलच्या बाजूस हटला व ११ ऑगस्टला शरण आला.

पुढची गोष्ट तर कादंबरीत शोभावी. पोर्तुगालने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावा लावला. त्याचा निकाल एप्रिल १९६० मध्ये लागला आणि तोवर हा मुलूख आपल्या वरिष्ठ पंचायतीच्या हाती कारभार चालवीत राहिला. १९६१ च्या ऑगस्टमध्ये भारतात विलीन होण्याच्या करारावर नेहरूंच्या बरोबरीने सही करण्यास कोणी 'पंतप्रधान' हवा, म्हणून बदलानी नावाच्या सनदी अधिकाऱ्यास एका दिवसापुरते ते पद देण्यात आले! मुले खदखदून हसली. आजोबांच्या नातवाने विचारले, "मग हे आमच्या पुस्तकात का नाही?" त्यास उत्तर कोणापाशी नव्हते.

सिल्वासात शिरल्यावर आम्ही पत्रिका बाजूस ठेवून गावात पायी हिंडलो. पोर्तुगीज काळाचे पिएदादे मातेचे चर्च पाहिले, आदिवासी संग्रहालय पाहिले. तेथे वारली, कोकणा, धोडिया या जमातींचे मुखवटे, मासेमारीची साधने, दागिने आणि वाद्ये मांडली आहेत. वाळलेल्या दुधी भोपळ्याला बांबूच्या नळ्या व ताडाच्या पानांचे लांब कर्णे जोडून, सांधे मेणाने बुजवून केलेला तारपा आमच्या मुलांनी प्रथमच पाहिला. तो वाजतो कसा, हे मात्र काचेआडून कळेना.

ते कळावे म्हणूनच दुसऱ्या दिवशी नौकाविहारास जाता जाता खानवेलच्या पुढे आम्ही बस आडवाटेस थांबविली. मराठी माध्यमाच्या शाळेतून निवृत्त झालेले तिथलेच एक गुरुजी आमच्यासोबत होते. भातकापणी चालली होती. बांधाबांधाने चालत आम्ही एका वारली पाड्यावर पोहोचलो. कारवीच्या कुडाच्या, शेणामातीने सारवलेल्या भिंती, आणि एका घरात आतल्या भिंतीवर गेरूवर तांदळाच्या पिठाने रेखलेला, किंचित पुसट झालेला लग्नाचा चौक.

आणि इथेच आमच्या हातून आगळीक घडली. अंगणात कोणी नाहीसे पाहून आमच्यातले दहा-बारा जण उंबरा ओलांडून थेट आत शिरले. कोणी मोबाइलने छायाचित्रे घेऊ लागले, कोणी चौकाला पाठ करून स्वतःचेच छायाचित्र काढू लागले. एवढ्यात शेतावरून घरधनीण आली. ती रागावली नाही, ओरडलीही नाही. तिने आमच्याकडे एकवार पाहिले आणि भिंतीपुढे पदर सावरून उभी राहिली. तेवढ्याने आम्ही सारे ओशाळलो.

गुरुजींनी आम्हांस बाहेर अंगणात बसविले व शांतपणे समजावले. हा चौक शोभेचा नव्हे. सवाशिणींनी तो काढल्याशिवाय लग्न लागत नाही. त्यात पालघट देवी बसते. लग्न लावणारी पुरोहितही स्त्रीच असते, तिला धवलेरी म्हणतात. डहाणूजवळच्या गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांनी ही कला कागदावर आणली, जगभर पोहोचविली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. "पण कागदावरचे चित्र विकत मिळते," गुरुजी म्हणाले, "भिंतीवरचे हे तिचे देवघर आहे. तुमच्या देवघरात कोणी चपला घालून शिरले तर?"

आमच्यातल्या काकू उठल्या, त्या बाईंपाशी गेल्या आणि हात जोडून म्हणाल्या, "चुकलं आमचं, बाई." बाईंची बोली मराठीशीही नाते सांगणारी आणि गुजरातीशीही; तरी एकमेकींचे एकमेकींस सहज उमगले. कुठले तुम्ही, असे त्यांनी विचारले. बडोद्याचे, म्हटल्यावर त्यांना नवल वाटले: गुजरातेत राहता आणि घरात असे बोलता? काकू हसून उत्तरल्या, "पिढ्यान्‌पिढ्या." दोन मुलुखांच्या सीमेवर आपली बोली सांभाळणाऱ्या त्या माउलीला आमची गोष्ट फार समजावून सांगावी लागली नाही.

पाणी आले. मग कोणीतरी म्हाताऱ्या बाबांना हाक मारली आणि आतून तारपा आला. बाबांनी गाल फुगवून सूर धरला, पाड्यावरची चार-सहा पोरे कंबरेभोवती हात गुंफून फेर धरू लागली. गुरुजींनी मुलांना एक गोष्ट दाखविली: वाजवणारा वळेल तसा फेर वळतो, नाचणारे तारप्याला पाठ दाखवीत नाहीत. मघाशी चौकाला पाठ करून उभे राहिलेल्यांनी माना खाली घातल्या.

सायंकाळी दुधनीस नावेत बसलो. मधुबन धरणाचे निळे पाणी, पलीकडे डोंगर. देखावा खरोखर रमणीय. पण या पाण्याखाली गावे आणि शेते गेली आहेत, हे गुरुजींकडून ऐकल्यावर नावेतला गलका आपोआप ओसरला.

आमच्यानंतर जाणाऱ्या वाचकांसाठी अनुभवाचे दोन शब्द. पावसाळा सरल्यापासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ उत्तम. बागा व नौकाविहार सर्वांनी मिळून करावा. पाड्यावर मात्र आठ-दहांच्या वर जाऊ नये, ओळखीचा स्थानिक माणूस बरोबर असावा, बोलावल्याशिवाय उंबरा ओलांडू नये, छायाचित्रापूर्वी विचारावे आणि पोरांना खाऊ वाटून त्यांना हात पसरण्याची सवय लावू नये. आणि निघण्यापूर्वी घरातल्या मुलांना १९५४ ची गोष्ट अवश्य सांगावी.

परतीच्या गाडीत नातवाने कार्यक्रमपत्रिकेच्या पाठकोऱ्या बाजूवर एक चित्र काढले: मध्ये तारपा, भोवती फेर. चाळीस माणसे मोजून काढली आहेत, असे त्याने सांगितले. सगळ्यांची तोंडे तारप्याकडे होती.