विश्लेषण : लाईट गेल्यावर मोबाइल स्टार्टरमधील चिप का अडकते?

धाराशिव जिल्ह्यात शेतीची वीज कधी दिवसा, कधी रात्री. अंधारात विहिरीवर जाणे टळावे म्हणून अनेकांनी मोबाइल स्टार्टर बसवले. पण लाईट परत आल्यावर काही वेळा हे यंत्र प्रतिसादच देत नाही आणि शेतकऱ्याला बॅटरी घेऊन बांधावरून जावेच लागते. दोष बहुधा रेंजला दिला जातो. कारण पेटीच्या आतही असू शकते.

नेमके काय होते?

अशा स्टार्टरमध्ये मोबाइल मोडेमला बॅकअप बॅटरी असते. मुख्य नियंत्रक चिप मात्र काही रचनांत थेट लाईटवर चालते. लाईट गेली की चिप बंद, मोडेम जागा. मोडेमचा सिग्नल सुमारे २.८ व्होल्टचा. चिपच्या बहुतेक पायांना आतून पुरवठ्याच्या तारेकडे जाणारा डायोड असतो. आउटपुटचे पायही त्याला अपवाद नाहीत, कारण तिथला डायोड ट्रान्झिस्टरच्या रचनेतच येतो. त्यातून ०.६ व्होल्ट वजा होऊन मेलेल्या पुरवठ्यावर २.२ व्होल्ट चढतात. एटीमेगा ३२८पी ही लोकप्रिय चिप १.८ व्होल्टवरही चालू शकते. म्हणजे ती धड बंद नाही, धड चालू नाही. पुरवठा शून्यावर न गेल्याने लाईट आल्यावर रीसेट होत नाही. पायातून प्रवाह जास्त असेल तर पुरवठा येताच चिप आतल्या आत शॉर्ट होऊन जळूही शकते.

उपाय काय?

सर्वांत स्वस्त म्हणजे मधल्या तारेत १ किलोओहमचा रेझिस्टर. प्रवाह २.२ मिलिअँपिअरच्या पुढे जात नाही आणि चिप जळण्यापासून वाचते. अडकणे मात्र थांबतेच असे नाही. तेवढा प्रवाहही तिला अर्धवट जागे ठेवू शकतो. खरा उपाय ७४एलव्हीसी मालिकेतील बफर, नियंत्रकाच्याच पुरवठ्यावर जोडलेला. पुरवठा शून्य असताना त्याच्या पायातून फार तर १० मायक्रोअँपिअर जातात. जुन्या ७४एचसी मालिकेत ही सोय नाही, आणि दुकानात बहुधा तीच हाती पडते.

रिले चालवणाऱ्या ट्रान्झिस्टरच्या बेसला १० किलोओहमचा रेझिस्टर जमिनीकडे जोडलेला हवा. नसेल तर चिप बंद असताना तो पाय अधांतरी राहतो आणि मोटर आपोआप सुरू होण्याचा धोका असतो.

तपासणी सोपी, पण ती दुरुस्ती करणाऱ्यानेच करावी. मेन स्विच बंद, बॅटरी जोडलेली, मीटर नियंत्रक चिपच्या पुरवठ्यावर. काट्याने शून्य दाखवायला हवे. दीड-दोन व्होल्ट दिसले, तर वीज मागच्या दाराने येते आहे.