शस्त्रक्रियागृहांतील परिचारिका

घरांतील कोणावर शस्त्रक्रिया करावयाची ठरली म्हणजे सारें कुटुंब शस्त्रवैद्याची चौकशी करितें. त्याची पदवी कोणती, हाताला यश कसें आहे, पूर्वीं कोणाकोणास गुण आला, याचा खल दिवसचे दिवस चालतो. परंतु त्याच्या शेजारीं उभी राहून हत्यारें पुरविणारी परिचारिका किती शिकलेली आहे, हें कोणीं विचारल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं. उलट, त्याच घरांतील एखादी मुलगी ‘मी नर्स होणार’ असें म्हणाली, तर आजीपासून काकांपर्यंत सर्वांचे चेहरे उतरतात. ज्या विद्येच्या हवालीं आपल्या माणसाचा जीव करावयाचा, तिलाच घरांत मान द्यावयाचा नाहीं, ही विसंगति आम्हांस खटकते. म्हणून त्या विद्येचें स्वरूप येथें थोडक्यांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

पहिलें ज्ञान निर्जंतुकतेचें. कार्बोलिक ॲसिडाच्या उपयोगानें जखमा चिघळण्याचें टळतें, असें जोसेफ लिस्टर यानें १८६७ सालीं प्रसिद्ध केलें. पुढें, जखमेंतील जंतु मारीत बसण्यापेक्षां ते जखमेपर्यंत पोंचूंच न देणें बरें, हा विचार रूढ झाला. आज ऑटोक्लेव्हमध्यें दाबाखालच्या वाफेनें, सामान्यतः १२१ किंवा १३४ अंश सेल्सिअस उष्णतेवर, हत्यारें व कपडे निर्जंतुक करितात. गाठोड्यावरील पट्टीचा रंग बदलला, एवढ्यावरून आंतील वस्तु शुद्ध झाल्या असें सिद्ध होत नाहीं. आंतील खूणहि पाहावी लागते, हें परिचारिकेस ठाऊक पाहिजे.

सोवळें म्हणजे काय, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. हेंहि एक सोवळेंच आहे. निर्जंतुक झगा चढविल्यावरहि पाठ व कमरेखालचा भाग शुद्ध मानीत नाहींत. हात नेहमीं कमरेच्या वर व नजरेसमोर ठेवावयाचे. शंका आली कीं वस्तु विटाळली असें समजून ती बाजूला करावयाची. मात्र आपल्या जुन्या सोवळ्यांत माणसामाणसांत भेद होता. ह्या सोवळ्यांत नामांकित शस्त्रवैद्य व कालची उमेदवार मुलगी यांना नियम एकच.

दुसरें ज्ञान कामाच्या वांटणीचें. एक परिचारिका हात धुऊन, झगा व हातमोजे घालून टेबलाशीं उभी राहते. तिला स्क्रब नर्स म्हणतात. शस्त्रक्रियेची पुढची पायरी तिला आधींच ठाऊक असावी लागते. मागण्यापूर्वीं हत्यार हातांत पडलें तर रोग्याचा भुलीखालचा वेळ वांचतो. दुसरी बाहेरून लागेल तें आणून देते, नोंदी ठेवते, व काढलेल्या गांठीच्या बाटलीवर रोग्याचें नांव लावते. तेथें चूक झाली तर एकाचा रोग दुसऱ्याच्या नांवावर चढेल. भूल दिलेला रोगी ‘माझा हात अवघडला’ असें सांगूं शकत नाहीं. म्हणून कोपराखालीं मऊ गादी आहे कीं नाहीं, हेंहि तिनेंच पाहावयाचें.

तिसरें, मोजणी. गॉजचे तुकडे, सुया, हत्यारें हीं आरंभीं मोजावयाचीं, पोकळी शिवण्यापूर्वीं मोजावयाचीं, आणि त्वचा शिवतांना पुन्हां मोजावयाचीं; तींहि दोघींनीं मिळून, मोठ्यानें. रक्तानें भिजलेला गॉज आंतड्यांत सहज लपतो. क्ष-किरणांत दिसावा म्हणून त्यांत एक खास धागा विणलेला असतो. एक जरी तुकडा कमी भरला, तरी शोध लागेपर्यंत ‘मोजणी जुळली’ असें म्हणतां येत नाहीं.

जागतिक आरोग्य संघटनेनें २००८ सालीं तीन टप्प्यांची एक यादी प्रसिद्ध केली: भूल देण्यापूर्वीं, छेद घेण्यापूर्वीं, व रोग्यास बाहेर नेण्यापूर्वीं काय काय ताडून पाहावें, याची. दिल्लीच्या एका रुग्णालयासह आठ शहरांतील आठ रुग्णालयांत ती लावून पाहिली. २००९ सालीं प्रसिद्ध झालेल्या अहवालाप्रमाणें तेथें मृत्यूचें प्रमाण शेंकडा १.५ वरून ०.८ वर आलें.

परंतु यादी कागदावर असून भागत नाहीं. शस्त्रवैद्य टांका घालण्याच्या घाईंत असतां, ‘थांबा, एक गॉज कमी आहे’ असें म्हणण्याचें धैर्य पाहिजे. आपल्या हातमोज्यास सुईचें टोंक लागलें व कोणीं पाहिलें नाहीं, तरी आपण होऊन सांगण्याचा प्रामाणिकपणा पाहिजे. आपल्या घरांतून मुलींना व सुनांना वडिलांपुढें मुकाट राहण्याचें वळण लावितात; शस्त्रक्रियागृहांत तेंच वळण रोग्याच्या जिवावर बेतूं शकतें.

१९०९ सालीं स्थापन झालेल्या पुण्याच्या सेवासदनानें रमाबाई रानडे यांच्या पुढारीपणाखालीं आपल्या समाजांतील स्त्रियांना ह्या शिक्षणाकडे वळविलें, तेव्हां लोकापवाद थोडा झाला नाहीं. आज बी. एस्सी. नर्सिंगची पदवी चार वर्षांच्या अभ्यासानें मिळते. अडचण राहिली आहे ती घरच्या मनांची. आपल्या घरांतील मुलीनें ही इच्छा दर्शविली, तर तिला नाहीं म्हणण्यापूर्वीं वडील मंडळींनीं एवढेंच आठवावें कीं, उद्यां टेबलावर आपणच निजलेले असूं, आणि ‘थांबा’ म्हणणारी तेथें कोणी तरी असावी लागेल.