माकडताप: क्यासनूर ते बांदा
१९५७ च्या उन्हाळ्यात, त्या वेळच्या म्हैसूर राज्यातील शिमोगा जिल्ह्यात, सोरब तालुक्यातल्या क्यासनूर जंगलाभोवती माकडे मरून पडू लागली. त्याच सुमारास शेजारच्या खेड्यांतील माणसांना एकाएकी भरणाऱ्या तीव्र तापाने गाठले. माकडे आणि माणसे एकाच वेळी दगावताना पाहून पहिली शंका आली ती पीतज्वराची. हा रोग भारतात तोवर कधीच शिरला नव्हता, त्यामुळे धास्ती मोठी होती. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने, टेलफर्ड वर्क यांच्या नेतृत्वाखाली तपास हाती घेतला. पीतज्वर नव्हताच. हाती लागलेला विषाणू नवा होता आणि त्याचे जवळचे भाऊबंद सायबेरियाच्या जंगलात सापडत होते.

या साधर्म्यामुळे संशय स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांवर गेला. जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने १९५९ पासून सालिम अली आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी यांनी हजारो पक्ष्यांच्या पायांत कडी घालून त्यांचा माग काढला. विषाणू पक्ष्यांनी आणल्याचे सिद्ध झाले नाही, पण भारतीय पक्ष्यांच्या स्थलांतराचा पहिला मोठा पद्धतशीर अभ्यास या तापाच्या निमित्ताने झाला.

रोगाचे खरे मूळ पश्चिम घाटातच होते, जमिनीवरच्या पाचोळ्यात. हिमॅफायसॅलिस स्पिनिजेरा ही गोचीड त्याची मुख्य वाहक. तिचे सारे आयुष्य पावसाने बांधलेले आहे. पाऊस लागला की पूर्ण वाढलेल्या गोचिडी गुरांना आणि रानातल्या मोठ्या जनावरांना चिकटतात. रक्त पिऊन फुगलेली मादी खाली उतरते, पाचोळ्यात अंडी घालते आणि मरते. पाऊस सरल्यावर, ऑक्टोबरच्या आगेमागे, अळ्या निघतात व उंदीर, चिचुंद्री, जमिनीलगत वावरणारे पक्षी आणि माकडे यांच्या रक्तावर जगतात. कात टाकून त्यांची पुढची अवस्था येते ती साधारण नोव्हेंबरनंतर. खसखशीच्या दाण्याएवढी ही पिल्ले माणसाला चावतात ते कळतही नाही. जानेवारी-फेब्रुवारीत त्यांची संख्या सर्वाधिक असते. त्यामुळे माणसांतील रुग्ण डिसेंबर ते मे या काळातच प्रामुख्याने आढळतात.

गोचीड कोरड्या हवेत तग धरत नाही. सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर चार महिने कोसळणारा पाऊस, नंतर झाडांच्या सावलीत रेंगाळणारी ओल आणि पाचोळ्याचा जाड थर यांमुळे ती टिकते. माणसाचे वर्षही याच पावसाने आखलेले आहे. भात घरात आले की पावले रानाकडे वळतात. जळाऊ लाकूड, भाजावळीसाठी पाचोळा, गुरांची चराई आणि त्यानंतर काजूचा हंगाम ही सारी कामे नेमकी पिल्लांच्या महिन्यांत येतात. रोगाचे निम्मे स्पष्टीकरण या जुळणीत आहे.

उरलेले निम्मे माकडांत आणि तुटलेल्या जंगलात. काळ्या तोंडाचे वानर आणि लाल तोंडाचे माकड या दोघांनाही हा विषाणू मारतो. आजारी माकडाच्या रक्तात तो भरमसाट वाढतो आणि माकड मेले की अंगावरच्या संसर्गित गोचिडी त्याच जागी गळून पडतात. पुढे कितीतरी दिवस ती जागा धोक्याची राहते. गुरांचे काम वेगळे. त्यांच्यात विषाणू फारसा वाढत नाही, पण ती पूर्ण वाढलेल्या गोचिडींना पोसतात. जंगल तोडून शेत केले आणि उरलेल्या रानात गुरे सोडली की उंदीर, माकड, गाय आणि माणूस एकाच पट्ट्यात येतात. संशोधक होर्हे बोशेल यांनी १९६९ मध्येच हे मांडले होते. त्याची फार कटू प्रचिती १९८२-८३ मध्ये आली. दक्षिण कन्नडमध्ये बेळतंगडी भागात काजूच्या लागवडीसाठी जंगल तोडले गेले, आणि त्यानंतरच्या साथीत हजाराहून अधिक माणसे आजारी पडली, शंभराहून अधिक दगावली.

दीर्घकाळ हा कर्नाटकातील मोजक्या तालुक्यांचा रोग मानला गेला. २०१२ मध्ये तो बंडीपूरच्या जंगलात दिसला, त्यापाठोपाठ वायनाड आणि निलगिरीत. २०१५ मध्ये गोव्यातील सत्तरी तालुक्यात पाली येथे, २०१६ मध्ये सिंधुदुर्गातील दोडामार्गात आणि पुढच्या वर्षी सावंतवाडी तालुक्यातील बांदा परिसरात रुग्ण सापडले. गोव्यात आणि तळकोकणात काजूच्या बागांत राबणारी माणसे त्यांत ठळकपणे होती. चाचण्यांची सोय वाढल्यानेही रोग अधिक उघड होऊ लागला. मात्र जंगल आणि लागवड यांची सरमिसळ असलेल्या भागांत धोका जास्त असतो, हे अलीकडच्या अभ्यासांतही दिसले आहे.

ताप एकाएकी चढतो, डोके आणि स्नायू असह्य दुखतात, उलट्या होतात, काहींच्या नाका-हिरड्यांतून रक्त येते. काही रुग्णांत ताप उतरल्यावर आठवडा-दोन आठवड्यांनी दुसरी फेरी येते आणि ती मेंदूवर परिणाम करते. सुमारे तीन ते पाच टक्के रुग्ण दगावतात. विषाणूवर नेमके औषध नाही. शरीरातील पाणी आणि रक्तस्राव सांभाळणे हाच उपचार. एका माणसाकडून दुसऱ्याला हा ताप होत नाही.

कर्नाटकात १९९० पासून लस दिली जात होती. महिन्याच्या अंतराने दोन मात्रा, नंतर पुन्हा पुन्हा वर्धक मात्रा, आणि तरीही अपुरे संरक्षण. सागर तालुक्यातील अरळगोडू येथे २०१९ मध्ये माणसे दगावली तेव्हा लोकांचा लशीवरचा उरलासुरला विश्वासही डळमळला. २०२२ मध्ये ती लस थांबवण्यात आली. साठ वर्षांहून अधिक काळ ओळखीच्या असलेल्या रोगावर भरवशाची लस नसावी, याचे एक कारण उघड आहे: तो लाकूडफाटा वेचणाऱ्यांना आणि बागमजुरांना होतो.

नवी लस हाती येईपर्यंत गोचिडींना दूर ठेवणारे डेपा तेल, अंगभर कपडे आणि घरी परतल्यावर गरम पाण्याने अंघोळ एवढीच ढाल आहे, आणि ती डिसेंबरपूर्वी गावात पोहोचायला हवी. माकडांच्या मृत्यूची नोंद वनखात्याकडे, गुरांची पशुसंवर्धन खात्याकडे आणि तापाची आरोग्य केंद्रात अशी विभागणी राहिली, तर पहिला इशारा वाया जातो. रानात मेलेले माकड दिसल्यास त्याला हात न लावता त्याच दिवशी वनखात्याला किंवा आरोग्य केंद्राला कळवावे, आणि डिसेंबर ते मे या काळात ताप आल्यास आपण रानात किंवा काजूच्या बागेत गेलो होतो हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.