जेल नेलपॉलिश : हौस करावी, पण समजून

लग्नसराई आली की घरातल्या आईची धांदल सर्वांत जास्त. भांडी, धुणी, मासळी साफ करणे, गोठ्यातले शेण, मुलांचे डबे, या साऱ्यांतून तिचे हात कोरडे राहतात कधी? रात्री हौसेने लावलेल्या साध्या नेलपॉलिशचे दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत टवके उडतात. म्हणून तालुक्याच्या गावातल्या पार्लरमध्येही आता 'जेल' लावून घेणाऱ्या माता-भगिनी दिसतात. एकदा लावली की सुमारे दोन आठवडे बघायला नको, असे त्या सांगतात आणि ते खोटे नाही. हौस करण्यात गैर काही नाही. मात्र ही वस्तू साध्या नेलपॉलिशची थोरली बहीण नव्हे, तिची जातच वेगळी आहे. ती ओळखून घेतली तर पुढचा त्रास टळतो.

वाळणे वेगळे, घट्ट होणे वेगळे

साध्या नेलपॉलिशमध्ये रंग व राळ एका पातळ द्रावणात विरघळवलेली असतात. द्रावण हवेत उडून गेले की रंगाचा पापुद्रा नखावर उरतो. जेलचे तसे नाही. तिच्यात ॲक्रिलेट जातीची रसायने असतात. ती हवेने वाळत नाहीत. खास दिव्याखाली हात धरला की त्यांचे बारीक कण एकमेकांना साखळीसारखे जोडले जातात आणि नखावरच टणक प्लास्टिक तयार होते. दंतवैद्य दातात मऊ सिमेंट भरून निळ्या उजेडाने घट्ट करतात, तसाच हा प्रकार. ही नेलपॉलिश २०१० नंतर जगभर पसरली. साबण-पाण्याला ती दाद देत नाही, याचे कारण हेच.

खरा धोका कोणता?

घट्ट झालेली जेल फारशी उपद्रवी नसते. उपद्रव होतो तो ओल्या, अर्धवट घट्ट झालेल्या जेलचा. ती कातडीला पुनःपुन्हा लागली तर शरीर तिला शत्रू मानू लागते. यालाच ॲलर्जी म्हणतात. तिच्यातल्या एका प्रमुख रसायनाचे संक्षिप्त नाव 'हेमा' असे आहे. नाव ओळखीच्या मुलीचे वाटले तरी गुण तसे नाहीत! पहिल्या काही वेळा काहीच होत नाही. मग एके दिवशी नखाभोवती खाज, लाली, बारीक फोड, बोटांच्या टोकांना भेगा अशी लक्षणे दिसू लागतात. नख मांसापासून सुटू शकते. कधी पुरळ पापण्यांवर उठते, कारण आपण नकळत बोटे डोळ्यांना लावतो. पुष्कळ जणी त्याला साबणाचा किंवा तिखटाचा दोष देत बसतात.

ही ॲलर्जी एकदा जडली की सहसा जन्मभर राहते. पुढे दातात सिमेंट भरताना किंवा गुडघ्याचा कृत्रिम सांधा बसवताना याच कुळातली रसायने वापरली जातात, तेव्हा ती आडवी येऊ शकते. रंग टिकतो पंधरा दिवस आणि निष्काळजीपणाचे फळ टिकते आयुष्यभर, असा हा व्यवहार आहे.

ब्रिटनमधील त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ साली याबाबत जाहीर इशारा दिला. घरी वापरायच्या संचांबद्दल त्यांना विशेष काळजी वाटत होती. कारण उघड आहे. एका कंपनीची जेल आणि भलताच दिवा, अशी जोडी जमली की वरचा थर टणक आणि आतला कच्चा राहतो. स्वस्त मिळाला म्हणून मागवलेला संच असा महागात पडतो.

दिव्याचे काय?

या दिव्यातून उन्हातल्यासारखे अतिनील किरण निघतात. २०२३ साली अमेरिकेत प्रयोगशाळेतल्या पेशींवर हे किरण सोडले असता पेशींना इजा झाली. तो प्रयोग काचपात्रातला होता. दिव्यामुळे माणसाच्या हाताला कर्करोग होतो, असे त्यावरून सिद्ध होत नाही. तरी सावधगिरी सोपी आहे. बोटांची टोके कापलेले जाड सुती हातमोजे घालावेत, किंवा वीस मिनिटे आधी हाताला सनस्क्रीन लावावे. डॉक्सिसायक्लिनसारखे उन्हाची बाधा वाढवणारे औषध चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय दिव्याखाली हात धरू नये.

'टीपीओ' नावाचे आणखी एक रसायन पुष्कळ जेलमध्ये असे. प्राण्यांवरील प्रयोगांत प्रजननाला अपाय दिसल्यामुळे युरोपीय संघाने १ सप्टेंबर २०२५ पासून सौंदर्यप्रसाधनांत त्यावर बंदी घातली. गरोदर भगिनींनी बाटलीवरचा मजकूर वाचून मगच ठरवावे.

काढताना घाई नको

कडा सुटली की नखाने किंवा दाताने सोलून काढण्याचा मोह होतो. तसे केल्यास जेलबरोबर नखाचेही पापुद्रे निघतात. हाताचे नख महिन्याला जेमतेम तीन मिलिमीटर वाढते. म्हणजे पातळ झालेले नख पूर्ण नवे यायला सहा महिने लागतात. योग्य रीत अशी : वरची चकाकी कानसीने हलकेच घासावी, ॲसिटोनमध्ये भिजवलेला कापूस नखावर ठेवून वर चांदीचा कागद गुंडाळावा, दहा-पंधरा मिनिटे थांबावे, मऊ झालेला थर लाकडी काडीने ढकलावा. मग खोबरेल तेल चोळावे. ॲसिटोन पटकन पेट घेते. चुलीजवळ, गॅसजवळ किंवा मुलांच्या हाताशी ते कदापि ठेवू नये.

सुटलेल्या जेलखाली पाणी साचून जंतू वाढतात, नख हिरवट दिसू लागते. अशा वेळी वरून दुसरा थर देऊन झाकू नये. सर्व काढून डॉक्टरांना दाखवावे.

दवाखान्यात जाण्यापूर्वी

२०२० च्या करोना साथीत बोटाला लावायचा ऑक्सिमीटर घरोघर पोहोचला. गडद नेलपॉलिशमुळे त्याचा आकडा चुकू शकतो. शिवाय डॉक्टर व परिचारिका नखाच्या रंगावरूनही रक्ताभिसरणाचा अंदाज घेतात. जेल ऐनवेळी झटपट निघत नाही. म्हणून बाळंतपणाचे दिवस भरत आले असतील किंवा शस्त्रक्रिया ठरली असेल, तर ती आधीच काढून घ्यावी.

थोडक्यात लक्षात ठेवावे

१. जेल लावणाऱ्या मुलीने ती कातडीला लागू दिली, तर दिव्याखाली हात धरण्यापूर्वी पुसायला सांगावे.
२. नखाच्या मुळाशी असलेली पातळ कातडी कापू देऊ नये. जंतूंना अडवणारे ते कुंपण आहे.
३. नखे आखूड ठेवावीत. कणीक मळणाऱ्या व तान्ह्याला न्हाऊ घालणाऱ्या हातांना तीच शोभतात.
४. सणापुरतीच लावावी. मध्ये काही आठवडे नखे मोकळी ठेवावीत.
५. खाज सुटली की त्याच दिवशी थांबावे. 'एवढे लग्न होऊ दे' म्हणू नये.
६. घरी पार्लर चालवणाऱ्या मुलींनी नायट्राइलचे हातमोजे घालून ते वरचेवर बदलावेत. साध्या रबरी मोज्यांतून ही रसायने आरपार जातात. त्यांचे हात हीच त्यांची भाकरी आहे.

आणि ज्यांना या खटाटोपात पडायचे नाही, त्यांच्यासाठी आपली जुनी मेंदी आहेच. तिचा रंग नखात भिनतो, भांड्यांच्या राखेला भीत नाही आणि नख वाढेल तसा सावकाश पुढे सरकत जातो. फक्त झटपट काळी होणारी मेंदी घेऊ नये. तिच्यात केसांच्या कलपातले दाहक रसायन मिसळलेले असू शकते.